हलवून बळकट

खुंटा हलवून बळकट करावा, ही म्हण ज्या कोणा पूर्वजाने प्रचारात आणली त्याने स्वतःच्या हाताने जमिनीत एकही खुंटा पुरलेला नसावा, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. आणि पुरलेला असलाच, तर तो शेजारधर्म अजून पोहोचलेला नाही अशा एखाद्या निर्मनुष्य अरण्यात पुरलेला असला पाहिजे. कारण आपल्याकडे खुंटा पुरणारा एक असतो आणि तो हलवून पाहणारे सतरा असतात, आणि त्या सतरांपैकी प्रत्येकाने आपापल्या परीने त्याच्या बळकटीची खातरजमा करून घेतल्यानंतर त्यात जो काही जोर शिल्लक राहतो, त्याच्या भरवशावर शेळी बांधण्याचेही धाडस कोणी शहाणा मनुष्य करणार नाही.

चौतीस वर्षे महसूल खात्याच्या चाकरीत परक्यांच्या हद्दी, बांध आणि वहिवाटी यांचे कज्जे वाचण्यात खर्ची घालून मी दापोली तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरी येऊन राहिलो, तेव्हा संभाळण्याजोगी माझी स्वतःची अशी एकच हद्द उरली होती, आणि तिच्या पलीकडे आमचे थोरले चुलतबंधू राहत होते. त्यांची पडवी अडीच फूट उंच जोत्यावर आहे, पडवीत झोपाळा आहे, झोपाळ्यावर दादा आहेत, आणि दादांच्या दृष्टीच्या सरळ रेषेत आमच्या स्वयंपाकघराचे मागील दार आहे. दादांचे वय अठ्ठ्याहत्तर असले तरी दृष्टी शाबूत आहे व घ्राणेंद्रिय तर तारुण्यातच आहे, त्यामुळे आमच्या चुलीवर काय शिजत आहे याचा पुकारा, मी सहासष्ट वर्षांचा असूनही, "बाळ, आज फणसाची कुयरी का रे?" अशा शब्दांत सकाळी दहाच्या सुमारास साऱ्या आळीत होत असे. कुटुंबाने हे दोन वर्षे सोसले आणि तिसऱ्या वर्षी, दादांनी कुयरीत मीठ कमी पडल्याचे केवळ वाफेवरून ओळखले त्या दिवशी, मागील दारी वेलीचा आडोसा उभा करण्याचा हुकूम मला बजावला. "उंची सहा फुटांच्या खाली नको," एवढी एकच अट त्यात होती. आणि कोणत्याही हुकमातील एकुलती एक अट तामिली करणाऱ्याच्या नजरेतून नेमकी निसटते, हा दप्तरी अनुभव मी त्या वेळी विसरलो.

वेल चढविण्यासाठी केलेल्या अशा जाळीदार भिंतीला इंग्रजांच्या बागांत ट्रेलिस म्हणतात आणि शहरातील दुकानदार गार्डन स्क्रीन म्हणून हिरव्या प्लास्टिकची वळकटी पुढे करतो; परंतु आपल्या भाषेत तिला ताटी हा सुंदर शब्द आहे, आणि तो मराठी मनुष्याला बागकामापेक्षा अभंगांमुळे अधिक परिचित आहे. रुष्ट होऊन ताटी लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांची मनधरणी करण्यासाठी मुक्ताबाईंनी रचलेले ताटीचे अभंग आपण भक्तीने म्हणतो. पण ती ताटी कोणत्या लाकडाच्या खांबांना बांधलेली होती, ते खांब किती हात जमिनीत होते आणि त्यांना वाळवी लागली होती की काय, याविषयी मी वाचलेल्या एकाही भाष्यकाराने चकार शब्द काढलेला नाही. संस्कृत कवींची तर गोष्टच निराळी. कण्वाच्या आश्रमात शकुंतलेने वनज्योत्स्ना हे नाव ठेवलेली नवमालिका आम्रवृक्षाला आपण होऊन वरते, आणि कालिदासाचा खांबांचा प्रश्न एका पैशाच्या खर्चाशिवाय निकालात निघतो! लतेवर काव्य करणाऱ्या रसिकांनी तिच्या आधारस्तंभाकडे केलेले हे दुर्लक्ष लग्नमंडपातही चालूच आहे. जी मेढ मुहूर्त पाहून, आंब्याचे टहाळे बांधून आणि अक्षता टाकून रोवतात, ती बहुधा मांडवाचे ओझे पेलतच नाही. ज्या पेलतात त्यांना कोणी हळदीचे बोटही लावीत नाही. कचेरीत आयुष्य काढलेल्या मनुष्यास या व्यवस्थेत नवल वाटण्याचे कारण नाही.

गावातील वृद्ध सुतारास मी प्रथम पाचारण केले. त्याने परसात उभे राहून, विडी शिलगावून आणि माझ्याकडे पाहण्याऐवजी जमिनीकडे पाहत सांगितले, "अण्णा, खांब कधी वरच्या अंगाला मोडत नाय नि खालच्या अंगालाही मोडत नाय. जमिनीच्या कडेला मोडतो." या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यास मला तीन दिवस लागले, पण तो समजल्यावर सुताराविषयीचा आदर द्विगुणित झाला. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात; खांबाच्या वरच्या भागाला हवा आहे पण ओल टिकत नाही, खोल गेलेल्या भागाला ओल आहे पण हवा नाही, आणि जमिनीच्या पृष्ठाला लागून असलेल्या वीतभर जागेत मात्र दोन्हींचा सुकाळ असतो. दोन खात्यांच्या हद्दी जेथे मिळतात तेथेच प्रकरण कुजते, हे तत्त्व मला नोकरीने शिकविलेलेच होते. ते वनस्पतिसृष्टीलाही लागू आहे एवढेच नवे कळले. म्हणून त्या वीतभर जागेचा विचार आधी करावा, गाभ्याचे लाकूड घ्यावे, सालीलगतचे पांढरे लाकूड तासून टाकावे, बुडखा विस्तवावर वरवर जाळून काळा करावा किंवा त्यास डांबर फासावे, आणि हे सर्व केल्यावरही आमच्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे ध्यानात ठेवून देवाचे नाव घ्यावे, असा त्याचा सल्ला होता.

लाकूड कोणते घ्यावे, या प्रश्नावर मात्र गावाचे एकमत होणे अशक्य होते, कारण प्रत्येक सल्लागार आपल्या स्वभावास अनुरूप असेच लाकूड सुचवीत होता. ज्यांचे घर जुने आणि थाट गतकालीन आहे ते गृहस्थ साग किंवा शिसव याखाली उतरण्यास तयार नव्हते. साग उत्तमच, त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यापुढे वाळवीचीही मात्रा सहसा चालत नाही. परंतु सागाला हात लावणे ही क्षुल्लक बाब नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, आरमारासाठी राज्यातील अरण्यातून सागादी लाकूड लागेल तेवढे हुजूर परवानगीने तोडावे, आणि आंबे-फणस मात्र रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेले असल्याने त्यांना हात लावू नये, अशी तजवीज सांगितली आहे. म्हणजे गलबताच्या डोलकाठीसाठीसुद्धा जेथे परवानगी लागत होती, तेथे कृष्णकमळाच्या वेलीसाठी ती कोणत्या तोंडाने मागावी? बरे, स्वतःच्या मालकीतील झाड तोडावे म्हटले, तर 1964 चा झाडे तोडण्याच्या विनियमनाचा कायदा आडवा येतो, ज्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन आणि किंजळ ही टिकाऊपणाबद्दल प्रसिद्ध असलेली मंडळी ओळीने मांडलेली आहेत. सरकारची वृक्षपरीक्षा सुताराच्या परीक्षेहून तसूभरही कमी नाही, हे यावरून सिद्ध होते. जे लाकूड कायद्याला सापडले नाही ते खांबाच्या उपयोगाचे नाही, असा एक स्थूल नियम बांधून मी पुढे गेलो.

किफायतशीर स्वभावाच्या मंडळींनी बांबू सुचविला. बांबूविषयी माझ्या मनात एक खात्याअंतर्गत कटुता आहे. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते, म्हशी त्याच्या पानांना गवतच समजतात, परंतु 1927 च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला आणि 2017 साली दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटेपर्यंत, तब्बल 90 वर्षे, हे गवत कागदोपत्री झाड म्हणून नांदले. त्या अवधीत एका गवताच्या वाहतुकीच्या पासापायी माझ्यासारख्या किती कारकुनांच्या दौती आटल्या असतील, याची मोजदाद नाही. असो. कळक चांगला जाड असतो, माणगा भरीव असतो, चिवा ताटी विणायला मऊ पडतो. पण तो अंधाऱ्या पक्षात तोडावा, पावसाळ्यात तोडू नये आणि तोडल्यावर पऱ्ह्याच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवावा, असे जाणते सांगतात. चंद्राचा भाग मी ज्योतिषांवर सोपवितो. बाकीच्यात तथ्य आहे, कारण बांबूला पोखरून त्याचा भुगा पाडणारा किडा त्यातील पिठूळ, गोड अंशावर जगतो आणि तो अंश पाण्यात मुरून निघून जातो. एवढे सोपस्कार करूनही बांबू जमिनीत दोन-तीन पावसाळ्यांपेक्षा अधिक काळ इमान राखील याची हमी कोणी देईना.

आमच्या भाचेजावयांचा, जे मिरजेकडचे आहेत आणि ज्यांच्या घराण्यात पानमळा आहे, त्यांचा विचार या सर्वांहून निराळा होता. मेलेले लाकूड पुरायचेच कशाला, असा त्यांचा सवाल! पानवेलीला तिकडे शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा यांचा जिवंत आधार देतात; फांदी तोडून रोवली की ती मुळे धरते, आणि जिवंत असल्यामुळे कुजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ही कल्पना मला इतकी रुचली की मी पांगाऱ्याच्या चार फांद्या आणण्यासाठी गडी पाठविण्याच्या बेतात होतो. परंतु पांगाऱ्याचे लाकूड हलके व ठिसूळ, फांदीला काटे, आणि लाल फुले आली की त्यांवर जमणाऱ्या कावळ्या-साळुंक्यांचा गलबला दादांच्या पुकाऱ्याहून मोठा. शेवग्याविषयी तर कुटुंबाने एका वाक्यात निकाल दिला, "दारात शेवगा लावू नये म्हणतात, आणि लावलाच तर शेंगा कोणाच्या बाजूला पडतील ते मला ठाऊक आहे." याच चर्चेत गावच्या मास्तरांनी, खांबाचे झाड वाढेल तशी त्यावर ठोकलेली ताटीही वर वर चढत जाईल व दोन वर्षांत तिच्याखालून दादांना आमची पातेली दिसू लागतील, अशी भीती घातली. ती निराधार आहे. झाड उंचीने शेंड्याला वाढते. बुंध्यात मारलेला खिळा पन्नास वर्षांनीही त्याच उंचीवर राहतो, फार तर खोडात रुतून बसतो. पण हे मास्तरांना पटवून देण्यात एक सबंध संध्याकाळ गेली आणि ते पटले नाही ते नाहीच.

लोखंडाचे अँगल खाऱ्या वाऱ्यावर गंजतात आणि सिमेंटचे पोल पाहिले की मला तालुक्याच्या वीज उपकेंद्राची आठवण होते; त्यांविषयी अधिक लिहीत नाही.

अखेरीस हा तंटा आमच्या आळीतील एका निवृत्त शाखा अभियंत्यांकडे लवादासाठी गेला. हे गृहस्थ पूल बांधीत असत. त्यांनी लाकडाचे नावही न विचारता प्रथम विचारले की, "वारा किती धरला आहे?" मी म्हटले की वारा मी धरलेला नाही, तो आपण होऊन येतो. त्यावर त्यांनी चष्मा पुसून मला समजावून दिले की, ताटी उघडी असते तोवर ती जाळी, आणि वेल भरला की ती शीड होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट होत नसून चौपट होतो. ताटी जितकी उंच तितका तिचा बुडख्यावरचा ताण तरफेच्या न्यायाने वाढतो. आणि याच्या उलट, समाधानाची बाब एवढीच की गोल खांबाची जाडी दुप्पट केली तर वाकण्याविरुद्धचे त्याचे बळ आठपट होते. म्हणून खांब थोडे घ्यावेत पण जाड घ्यावेत, एकंदर लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत गाडावा, तळाशी खडी घालावी म्हणजे पाणी साचणार नाही, आणि काँक्रीटचा माथा जमिनीच्या किंचित वर, बाहेरच्या अंगास उतरता ठेवावा. नाहीतर काँक्रीटची वाटी होते आणि खांब तीत बिस्किटासारखा भिजत बसतो. इतका सुसंगत सल्ला मला आयुष्यात फार थोड्या तांत्रिक अधिकाऱ्यांकडून मिळाला आहे. माझ्या पुढील दुर्दशेचे मूळ त्या सुसंगतीतच आहे.

खांब मिळाले ते घरातच. 3 जून 2020 रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा बागा आडव्या झाल्या, पोफळी काडीसारख्या मोडल्या आणि आमच्या रिकाम्या गोठ्याचे छप्पर नळ्यांसह कोठे गेले त्याचा पत्ता अद्याप लागलेला नाही. परंतु आजोबांच्या हयातीत उभे केलेले त्याचे चार ऐनाचे खांब, भोवती सर्वनाश झालेला असताना, हाजिरी देणाऱ्या शिपायांसारखे ताठ उभे राहिले होते. सुताराने त्यांवर कुऱ्हाडीचा पाठा मारून पाहिला, तेव्हा घंटेसारखा नाद आला. खिळा मारला तो वाकला. दुसरा मारला तोही वाकला, आणि सुताराच्या तोंडावर असे कौतुक पसरले की जणू खांब त्याच्याच उदरी जन्मले होते. केवळ बुडखे, सुताराच्या सिद्धान्तास अनुसरून, जमिनीच्या कडेला दीड दीड फूट खलास झालेले होते. ते त्याने करवतीने उतरवून टाकले. मी ते कापलेले तुकडे पाहिले, दुःख व्यक्त केले, आणि त्यापलीकडे कोणताही हिशेब केला नाही.

मार्गशीर्षात खड्डे घेतले. आमची जमीन म्हणजे वर बोटभर माती आणि खाली जांभा. एक एक खड्डा पहारीने फोडण्यास दोन गड्यांना एक दिवस लागला. शिमग्याला तीस हातांचे झाड नाचवीत आणणाऱ्या आमच्या गावातील तरणीबांड मंडळी या वेळी बांधावर बसून पाहत होती व अधूनमधून उत्साहवर्धक उद्गार काढीत होती. खांब उभे राहिले, ओळंबा लावला, काँक्रीट भरले, आणि अभियंत्यांनी सात दिवस कोणी हात लावू नये अशी सक्त ताकीद दिली. त्याच सायंकाळी दादा आले व त्यांनी पहिला खांब हलवून पाहिला. मास्तरांनी दुसरा पाहिला. पोस्टमन पत्र द्यायला आला तो तिसरा हलवून गेला. मी एका पाटीवर 'हलवू नये' अशी अक्षरे लिहून ती मधल्या एका खांबास टांगली. तेव्हा ज्यांच्या मनात हलविण्याचा विचार आलाही नसता असे वाटसरू केवळ त्या निषेधाने आकृष्ट होऊन आत येऊ लागले. चौथ्या रात्री झोप येईना म्हणून मी स्वतः कंदील घेऊन बाहेर गेलो आणि चारही खांबांना क्रमाने मिठी मारून पाहिली. ते हलले नाहीत. माझ्या सबंध सेवाकाळात मी हातावेगळ्या केलेल्या कोणत्याही प्रकरणाने मला एवढे समाधान दिले नव्हते.

आठव्या दिवशी कुटुंब माहेरून परत आले, मागील दार उघडून उंबऱ्यावर काही क्षण स्तब्ध उभे राहिले, आणि म्हणाले, "अहो, हा आडोसा कोणासाठी? मांजरासाठी?"

आता हिशेब करण्याची पाळी आली. आठ फुटी खांब. पैकी दीड फूट सुताराच्या शास्त्राने गेले, राहिले साडेसहा. त्याचा तिसरा हिस्सा अभियंत्यांच्या शास्त्राने जमिनीत, म्हणजे दोन फूट दोन इंच. बाकी जमिनीवर चार फूट चार इंच. दोन्ही शास्त्रे निर्दोष होती. केवळ त्यांच्या वजाबाकीतून उरलेल्या रकमेच्या वरून, अडीच फुटी जोत्यावरच्या झोपाळ्यात बसलेले दादा नखशिखान्त दिसत होते, आणि त्याच न्यायाने दादांना आम्हीही. खांब उपटून पुन्हा पुरावेत म्हटले, तर ते आता सुरुंगाशिवाय निघण्यासारखे नव्हते.

मग जे करू नये ते केले. त्या चार भीष्मांच्या डोक्यांवर कळकाचे अडीच फुटी तुकडे तारेने जखडून उंची वाढविली, वर चिव्याची ताटी बांधली, आणि कृष्णकमळ सोडले. ते फाल्गुनात कमरेइतके, चैत्रात खांद्याइतके आणि वैशाखात माथ्यावर गेले. जांभळ्या फुलांचा असा दाट पडदा झाला की दादांची घोषणा तीन आठवडे बंद राहिली. ज्येष्ठाच्या आरंभी वळिवाचे वादळ आले. अभियंत्यांचे सर्व नियम त्याने एकामागून एक खरे करून दाखविले: पाने भरलेल्या ताटीचे शीड झाले, दाब चौपट झाला, तारा सुटल्या, आणि कळक, चिवा, वेल, फुले असा तो समग्र आडोसा जमिनीपासून उचलला जाऊन हद्दीपलीकडे दादांच्या पडवीस जाऊन टेकला. खांबांना धक्काही लागला नाही.

सकाळी मी पंचनामा करण्याच्या तयारीने गेलो, तो दादांनी ताटी सुंभाच्या दोन तुकड्यांनी पडवीच्या वाशाला बांधूनही टाकली होती. दुपारचे ऊन अडते, असे ते म्हणाले, आणि वेल सुकला असल्याने दुसरे कलम पाठव, असेही म्हणाले. आज या गोष्टीला वर्ष होत आले. सुंभाचे ते दोन तुकडे अजून तुटलेले नाहीत, दुसरे कृष्णकमळ दादांच्या बाजूने भरून आले आहे, आणि झोपाळ्यावरून आमचे मागील दार मुळीच दिसत नाही. त्यामुळे दहाच्या सुमारास दादांना जोत्यावरून उतरून, वळसा घालून, आमच्या परसात जातीने यावे लागते. ते येतात, चारही खांब एक एक करून दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहतात, आणि मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून हाक देतात, "बाळ, घट्ट आहेत रे अजून. आणि आज पडवळ का?"